लहान दूरध्वनी कंपन्यांना सूट नको, जोडणी द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तांब्याच्या तारेवरचा फोन संपत चालला, यापुढे आवाजसुद्धा इंटरनेटवरूनच जाणार आणि या बदलात लहान दूरध्वनी कंपन्या बुडणार, अशा अर्थाचा लेख आपल्या दैनिकात वाचला. पहिल्या दोन गोष्टींबद्दल वाद नाही. तिसरीबद्दल आहे. माझी सगळी नोकरी एका लहान दूरध्वनी कंपनीत झाली. सुरुवातीची वर्षे एक्स्चेंजच्या खोलीत गेली, शेवटची नियामकाकडे धाडायच्या विवरणपत्रांत. यंत्रे बदलताना जवळून पाहिली, नियम बदलताना त्याहून जवळून पाहिले. त्यावरून खात्रीने सांगते, की इंटरनेटवरच्या आवाजाने लहान कंपन्यांना जगवले आहे. त्यांचा जीव जातो तो नियम कोणत्या क्रमाने लागू होतात आणि मोठ्या कंपन्या त्यांना कशी जोडणी देतात, यात.

जुने डिजिटल एक्स्चेंज ज्यांनी सांभाळले त्यांना ती खोली आठवत असेल. कपाटांच्या रांगा, त्यांत खचाखच बसवलेली कार्डे, रात्रंदिवस चालणारे एसी. एखादे कार्ड जळाले की ते मूळ उत्पादकाकडूनच घ्यायचे, आणि त्याने ते मॉडेल बंद केले असेल तर दुसऱ्या कुणी मोडीत काढलेल्या एक्स्चेंजमधून शोधून आणायचे. ग्राहक थोडे असोत की पुष्कळ, कपाटांचा, विजेचा आणि देखभालीच्या कराराचा किमान खर्च चुकत नसे. लहान कंपनीचे कंबरडे तिथेच मोडायचे.

१९९५ मध्ये इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीने इंटरनेटवरून बोलण्याचे सॉफ्टवेअर विक्रीला आणले तेव्हा आवाज इतका तुटायचा, की आमच्या खोलीत कुणी त्याची दखल घेतली नाही. १९९९ साल मात्र वेगळे होते. त्या वर्षी सिप हा प्रोटोकॉल मानक म्हणून प्रसिद्ध झाला, म्हणजे कॉल जोडण्याची भाषा सर्वांना खुली झाली. त्याच वर्षी मार्क स्पेन्सर या अमेरिकी तरुणाने ऍस्टरिस्क नावाची प्रणाली लिहिली आणि कुणालाही फुकट वापरता येईल अशी खुली ठेवली. जे काम कपाटांची रांग करत होती ते साध्या सर्व्हरवर होऊ लागले. पुढे सॉफ्टस्विच, म्हणजे कॉल वळवणारे सॉफ्टवेअर, आले, ते भाड्यानेही मिळू लागले. कार्यालयांना अंतर्गत एक्स्टेंशन देणे, व्हॉइसमेल ईमेलवर पाठवणे, कर्मचारी कुठेही बसला तरी त्याचा नंबर तोच ठेवणे, या सेवा पूर्वी मोठ्या कंपन्याच विकू शकत. आता चार अभियंत्यांची कंपनीही त्या देऊ लागली. आमच्या जुन्या एक्स्चेंजचा मुख्य स्विच मी स्वतः बंद केला तेव्हा खोली एकदम शांत झाली, आणि त्याच क्षणी शेजारच्या रॅकमधल्या दोन सर्व्हरवरून कॉल नेहमीसारखे सुरू होते. ज्यांना हे तंत्रज्ञान लहानांचा शत्रू वाटते त्यांनी असा दिवस पाहिलेला नाही.

आता पैशाकडे येते, कारण खरी ओढाताण तिथे झाली. दूरध्वनीच्या धंद्यात एक जुना शिरस्ता होता. फोन ज्याच्या ग्राहकाकडे वाजतो त्या कंपनीला, फोन करणाऱ्याच्या कंपनीने मिनिटाप्रमाणे पैसे द्यायचे. याला टर्मिनेशन शुल्क म्हणतात. विरळ वस्तीच्या, लांबच लांब तारा ओढाव्या लागणाऱ्या भागांतल्या कंपन्यांना हे शुल्क जास्त मिळे आणि त्यांच्या उत्पन्नाचा तो मोठा भाग असे. इंटरनेटवरून येणारा आवाज हे शुल्क चुकवून आत येऊ लागला, तेव्हा काही लहान कंपन्यांनी सरळ दार लावून घेतले. अमेरिकेतील मॅडिसन रिव्हर या ग्रामीण कंपनीने आपल्या ग्राहकांना व्होनेज ही इंटरनेट फोन सेवा वापरता येऊ नये म्हणून तिचा मार्गच अडवला. मार्च २००५ मध्ये तेथील नियामक एफसीसीने हा प्रकार थांबवला आणि कंपनीला १५ हजार डॉलर भरावे लागले. रक्कम किरकोळ होती, पण त्यातून मिळालेला धडा साऱ्या लहान कंपन्यांनी ऐकला. आमच्याकडेही तेव्हा कुणीतरी असे अडवण्याचा विचार बोलून दाखवला होता. तो बारगळला, हे फार चांगले झाले. ग्राहकाने विकत घेतलेल्या इंटरनेटवर त्याने काय बोलावे आणि कशातून बोलावे हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे माझे तेव्हाही मत होते.

त्यानंतर नियामकांनी हे शुल्कच काढून घ्यायला सुरुवात केली. एफसीसीने २०११ मध्ये ते टप्प्याटप्प्याने शून्यावर आणायचे ठरवले आणि लहान ग्रामीण कंपन्यांना मोठ्यांपेक्षा जास्त वर्षे दिली. भारतात दूरसंचार नियामक ट्रायने ऑक्टोबर २०१७ मध्ये मोबाइलचे हे शुल्क मिनिटाला १४ पैशांवरून ६ पैशांवर आणले आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य केले. युरोपीय संघाने २०२२ पासून स्थिर दूरध्वनीसाठी मिनिटाला जास्तीत जास्त ०.०७ युरो सेंट अशी एकच मर्यादा घातली. दिशा योग्यच होती. पॅकेटने, म्हणजे तुकड्या-तुकड्यांनी, जाणाऱ्या आवाजाला अंतराचा आणि मिनिटाचा हिशेब उरत नाही, तेव्हा मिनिटावर जगणारा धंदा कधी ना कधी संपणारच होता. फरक पडला तो मुदतीमुळे. अमेरिकेतील लहान कंपन्यांना उतरंड आधी दाखवली गेली. ज्यांनी ती गांभीर्याने घेतली त्यांनी त्या वर्षांत तांबे काढून फायबर टाकला, आणि फोन ही ब्रॉडबँडबरोबर जाणारी एक सेवा झाली.

या शुल्काचा आणखी एक परिणाम आहे, तो शहरातल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. दुर्गम भागात कॉल पोचवायला शुल्क जास्त, म्हणून स्वस्तातला मार्ग शोधणाऱ्या मधल्या कंपन्या असे कॉल एकमेकींकडे ढकलत राहत आणि शेवटी ते कुठेच पोचत नसत. फोन करणाऱ्याला रिंग ऐकू येई, पलीकडे मात्र फोन वाजतच नसे. लोक शिव्या देत त्या गावच्या लहान कंपनीला, जिच्यापर्यंत कॉल आलेलाच नसे. हा प्रकार अमेरिकेत इतका वाढला, की एफसीसीला २०१३ मध्ये त्यासाठी वेगळा आदेश काढावा लागला. असे आरोप मी स्वतः ग्राहकांच्या तोंडून ऐकले आहेत. नोंदी उघडून दाखवाव्या लागत, की पाहा, हा कॉल आमच्या दारापर्यंत आलाच नाही. ग्राहकाला त्याचे काय? त्याच्या मुलीचा फोन लागला नाही, एवढेच त्याच्या ध्यानात राहते.

इथवर वाचून मी लहान कंपन्यांची वकिली करते आहे असे वाटेल. करतेच आहे. पण एका बाबतीत मी त्यांच्या संघटनांच्या नेहमीच्या मागणीविरुद्ध आहे. ती बाब म्हणजे आणीबाणीच्या कॉलसाठी मागितली जाणारी सूट.

तांब्याच्या तारेचा नंबर म्हणजे एक ठरलेले घर. इंटरनेटवरच्या फोनला घर नसते. ग्राहक यंत्र उचलून दुसऱ्या शहरात नेतो, तिथे इंटरनेटला जोडतो आणि नंबर तोच चालू राहतो. २००५ च्या फेब्रुवारीत ह्यूस्टन शहरात घरात घुसलेल्या दरोडेखोरांनी एका मुलीच्या आईवडिलांवर गोळ्या झाडल्या. तिने ९११ हा तिकडचा आणीबाणीचा नंबर फिरवला. घरातला फोन इंटरनेटवरचा होता आणि ती सेवा त्या फोनवर सुरू नव्हती. त्यानंतर मे महिन्यात एफसीसीने अशा फोन कंपन्यांना १२० दिवसांत आणीबाणीची पूर्ण सेवा देण्याचा आदेश दिला. लहान कंपन्यांनी तेव्हा ओरड केली की एवढ्या थोड्या दिवसांत हे अशक्य आहे. काम अवघड होते हे मी नाकारत नाही. प्रत्येक ग्राहकाचा पत्ता नोंदवा, तो पत्ता कोणत्या मदत केंद्राच्या हद्दीत येतो ते शोधा, कॉल त्याच केंद्राकडे वळवा, ग्राहक घर बदलतो तेव्हा हे सगळे पुन्हा करा. पण वाट निघाली. हेच काम करणाऱ्या तिसऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि लहान कंपन्या दरमहा ठरावीक रक्कम देऊन ते त्यांच्याकडून करून घेऊ लागल्या. आमच्याकडे पत्त्याची खातरजमा झाल्याशिवाय नवा नंबर चालू करायचा नाही, असा नियम होता. विक्री विभाग त्यावरून माझ्याशी कायम भांडायचा. एकदाही ढिलाई दिली नाही. मदत मागणाऱ्याला आपली कंपनी किती लहान आहे हे सांगून काय उपयोग?

विजेचेही तसेच. जुन्या तारेतून एक्स्चेंजमधली ४८ व्होल्टची वीज ग्राहकाच्या फोनपर्यंत जायची, म्हणून घरात अंधार असला तरी फोन लागायचा. फायबरमधून वीज जात नाही. राउटरची बत्ती गेली की फोनही गेला. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२५ पर्यंत जुने जाळे पूर्ण बंद करायचे ठरले होते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यातली मदतीची बटणे नव्या जोडणीवर चालेनात अशा घटना घडल्या आणि ती मुदत जानेवारी २०२७ पर्यंत लांबवावी लागली. तेथील नियामक ऑफकॉमचे म्हणणे आहे, की जे लँडलाइनवरच अवलंबून आहेत त्यांना वीज गेल्यावर किमान एक तास आणीबाणीचा कॉल लावता येईल अशी सोय कंपनीने करावी. एक तास मला कमी वाटतो. वादळात वीज तासाभरात परत येत नाही. लहान कंपन्यांना मी नेहमी सांगत आले की जास्त तास टिकणारी बॅटरी स्वतःहून द्या, ती तुमची जाहिरात ठरेल.

आता सर्वांत ताजा आणि माझ्या मते सर्वांत अन्यायाचा विषय. फसवणुकीच्या कॉलमध्ये पडद्यावर दिसणारा नंबर खोटा असतो. इंटरनेटवरच्या आवाजात तो खोटा घालणे फार सोपे झाले, म्हणून अमेरिकेने २०१९ च्या अखेरीस कायदा केला. प्रत्येक कंपनीने आपल्याकडून निघणाऱ्या कॉलवर डिजिटल सही करायची. या पद्धतीचे नाव स्टर-शेकन. ग्राहक आपला आहे आणि नंबर त्याचाच आहे अशी खात्री असेल तर ए श्रेणीची सही. ग्राहक माहीत आहे पण नंबरावरचा त्याचा हक्क तपासलेला नाही, तर बी. कॉल फक्त आपल्या दारातून आत आला एवढेच ठाऊक असेल तर सी. मोठ्या कंपन्यांना ३० जून २०२१ ची मुदत होती, एक लाखापेक्षा कमी जोडण्या असलेल्यांना ३० जून २०२३ पर्यंत दिली गेली. नंतर असे लक्षात आले, की स्वतःचे जाळे नसलेल्या काही लहान इंटरनेट फोन कंपन्यांतूनच अशा कॉलचे लोट येत आहेत. तेव्हा त्यांच्यापुरती मुदत एका वर्षाने अलीकडे आणली. हे मला पटले. लहानपणाची ढाल करून कुणी चोरांना वाट देत असेल तर त्याला सूट कशाला? लिंगो टेलिकॉम या अमेरिकी फोन कंपनीचे प्रकरण पाहा. जानेवारी २०२४ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या मतदारांना राष्ट्राध्यक्ष बायडन यांचा बनावट आवाज ऐकवणारे कॉल गेले. लिंगोने त्यांवर ए श्रेणीची सही केली होती. कंपनीने त्याबद्दल १० लाख डॉलर भरले. सही करणाऱ्याने सही कशावर करतो आहोत हे पाहायलाच हवे.

मग अन्याय कुठे आहे? ही सही सिपच्या संदेशातून प्रवास करते. कॉल मध्येच कुठे जुन्या टीडीएम पद्धतीच्या, म्हणजे प्रत्येक कॉलला तारेवर ठरावीक वेळेचा वाटा देणाऱ्या, जोडणीवरून गेला, की सही गळून पडते. लहान कंपनी खर्च करून नवे यंत्र घेते, प्रमाणपत्र घेते, प्रामाणिकपणे ए श्रेणीची सही करते, आणि तिचा कॉल पुढे ज्या मोठ्या कंपनीच्या मधल्या एक्स्चेंजमधून जायचा असतो तिथे आजही जुनी जोडणी असते. पलीकडे कॉल पोचतो तो बिनसहीचा. पलीकडच्या माणसाच्या फोनवर 'संशयित' असा शेरा झळकतो किंवा कॉल आपोआप अडवला जातो. दवाखान्यातून रुग्णाला केलेला फोन, शाळेतून पालकाला केलेला फोन, सगळे त्यात सापडतात. आणि नियम काय म्हणतो? जाळ्याचा जो भाग जुन्या पद्धतीचा आहे, तेवढ्यापुरती मुदतवाढ आहे. म्हणजे ज्याने बदल केला त्याचे नुकसान, आणि ज्याने केला नाही त्याला सवलत.

या जोडणीसाठी केलेला पत्रव्यवहार मला अजून आठवतो. आमचा स्विच आयपीवर, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीवर, तयार होता. आम्ही शेजारच्या मोठ्या कंपनीला लिहिले, की आम्हाला सिप ट्रंकने, म्हणजे सिपवर चालणाऱ्या थेट जोडणीने, जोडून घ्या. उत्तर आले, विचाराधीन आहे. पुन्हा लिहिले, उत्तर आले, आमच्या अमुक एका केंद्रावर या. ते केंद्र इतके लांब, की तिथपर्यंतच्या भाड्याच्या मार्गाचा खर्च आमच्या आवाजाच्या सगळ्या उत्पन्नाला भारी पडला असता. त्यामुळे केवळ त्यांच्याशी बोलण्यासाठी आम्ही आमच्या नव्या यंत्रासमोर आयपीचे टीडीएम करणारा गेटवे विकत घेऊन लावला. पुढे जायला निघालेल्या माणसाला परत मागे वळवणारे ते यंत्र होते, आणि त्याचाही देखभाल करार आम्हीच भरत होतो. माझ्या नोकरीतली ही सर्वांत चीड आणणारी खरेदी.

या अडचणीतून काही लहान कंपन्यांनी एकत्र येऊन वाट काढली आहे, ती मला मनापासून आवडते. अमेरिकेतील आयोवा राज्यात शंभराहून अधिक स्वतंत्र लहान दूरध्वनी कंपन्यांनी मिळून १९८० च्या दशकातच आपले सामाईक जाळे आणि मधले एक्स्चेंज उभे केले. इंटरनेटचा आवाज यायच्या कितीतरी आधी. एकेकटीने मोठ्या कंपनीचा दरवाजा ठोठावण्याऐवजी सर्वांचा मिळून एकच दरवाजा. सिप ट्रंक, आणीबाणीची सेवा, सही करण्याचे प्रमाणपत्र, पोलिसांच्या कायदेशीर आदेशानुसार संभाषण उपलब्ध करून देण्याची यंत्रणा, हॅक झालेल्या कार्यालयीन फोनवरून सुट्टीच्या रात्री परदेशी महागड्या नंबरांवर होणाऱ्या कॉलवर पहारा, ही सगळी कामे अशी वाटून घेता येतात. लहान कंपन्यांच्या चालकांनी आपसातली स्पर्धा या कामांपुरती बाजूला ठेवावी. रात्री दोन वाजता असा पहारा ठेवायला एका लहान कंपनीकडे माणूस नसतो. दहा कंपन्यांकडे मिळून असतो.

भारतापुरते एक सांगते. इथे एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली ती मर्यादित. संगणकावरून संगणकावर किंवा परदेशातल्या फोनवर बोला, देशातल्या साध्या फोनवर मात्र नाही. २०१७ मध्ये ट्रायने शिफारस केली आणि २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने वाट मोकळी केली, ती ऍक्सेस सेवेचा, म्हणजे ग्राहकांना थेट फोन सेवा देण्याचा, परवाना असलेल्यांना. ज्या लहान इंटरनेट पुरवठादाराने घरापर्यंत फायबर ओढला, तो केवळ इंटरनेटच्या परवान्यावर त्याच फायबरवर स्वतःची फोन सेवा देऊ शकला नाही. त्याने मोठ्या परवानाधारकाचा फोन आपल्या तारेवरून चालू द्यायचा आणि बिल त्या कंपनीने पाठवायचे. माझ्या मते हे दार उघडायला हवे होते. सुरक्षेची प्रत्येक अट त्याच्यावर घाला, पण धंदा करू द्या.

नियामकांकडे माझे मागणे साधे आहे. विवरणपत्रे किती वेळा मागायची, शुल्क किती घ्यायचे, हे ग्राहकसंख्येनुसार ठरवा. दीड हजार ग्राहकांच्या आणि दीड कोटी ग्राहकांच्या कंपनीने एकच जाडजूड अर्ज भरावा यातून कुणाचे भले होत नाही. मी तो अर्ज भरला आहे. त्यातले निम्मे रकाने आम्हाला लागूच नसत, आणि प्रत्येकात 'लागू नाही' असे लिहून स्वतंत्र कारण द्यावे लागे. आणीबाणीचा कॉल, बॅटरी आणि कॉलवरची सही यांत मात्र कुणालाही सूट देऊ नका. आणि ज्या आदेशात लहान कंपन्यांना आयपीवर यायची तारीख लिहाल, त्याच आदेशात मोठ्या कंपन्यांनी मागेल त्याला वाजवी अंतरावर आयपी जोडणी देण्याची तारीखही लिहा. ती लहानांच्या तारखेच्या किमान सहा महिने आधीची असावी, म्हणजे सगळे कॉल नव्या मार्गावरून तपासून पाहायला वेळ मिळेल. जोडणीचा अर्ज आल्यापासून किती दिवसांत उत्तर द्यायचे आणि न दिल्यास दंड किती, हेही त्यात असू द्या. 'विचाराधीन आहे' हे उत्तर धरू नये.

आपली,
एक निवृत्त दूरध्वनी अभियंता